लाल खुणेच्या डावीकडे

१

ज्या बरण्या नेहमी गळ्यापर्यंत भरलेल्या असायच्या त्या खांद्यापर्यंतच भरलेल्या निघाल्या, आणि आमच्या जावयांवर चोरीचा आळ आला.

मी शिंपी. उरलेल्या कापडाचं काय केलंत, असं गिऱ्हाईक मला आयुष्यभर विचारत आलंय, त्यामुळे आळ म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. पण जावई त्यातले नाहीत. आमच्याकडे चहाचा दुसरा कप घेतानासुद्धा ते आधी सगळ्यांना पुरला का ते बघतात.

लेक-जावई आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. त्या दिवशी जावई भरदुपारी घरी आले आणि जिना न चढता आमच्या दारातच उभे राहिले.

"बाबा, मालकीणबाईंनी कपाटाची किल्ली काढून घेतली," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जावई लोहचुंबक बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात भट्टी सांभाळतात. तिथे एक खास मिश्रधातू वितळवतात आणि त्याची बारीक धार गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडतात. चाकाला टेकल्या टेकल्या धातू गोठतो आणि त्याच्या पातळ, ठिसूळ पट्ट्या समोरच्या पेटीत उडून पडतात. जावई त्या मोडतात, भट्टीत बेताने शेकतात, बरण्यांत भरतात आणि कपाटाला कुलूप लावतात. पुढे त्याची भुकटी करून, चिकट रसायनात कालवून, दाबून चुंबक तयार होतात. या खेपेचे चुंबक गिऱ्हाइकाने परत पाठवले होते. उलट्या दिशेचा चुंबकीय झटका दिला, की ते मान टाकत होते.

"म्हणून बाईंनी उरलेल्या बरण्या उघडल्या," जावई म्हणाले. "मी आपला तोलून भरतो, कुठवर आला ते बघितलंच नव्हतं. वजन बरोबर, पण माल खांद्यापर्यंतच. त्यांचं म्हणणं, चांगला माल मी काढून विकला आणि वजन भरायला जळका माल दाबून घातला. जास्त शेकून वाया गेलेला थोडा माल भट्टीच्या कोपऱ्यात पडलेला असतोच. सोमवारी गिऱ्हाईक येणार आहे. त्याच्या आत कबूल करा, नाहीतर चालायला लागा, म्हणाल्या."

असला कारखाना आमच्या गावात हा एकच. चोर म्हणून इथून बाहेर पडलेल्या माणसाला कुठेतरी लांब जाऊनच पोट भरावं लागणार, आणि त्यांच्यामागून लेक जाणार, नात जाणार. वरचा मजला रिकामा झालेला मला उभ्या उभ्या दिसला.

जावई मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या बायकोकडे बघत होते. तिची सगळी नोकरी एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापाशी गेली. निवृत्त झाली तरी ते यंत्र रुसलं की अजून तिलाच बोलावणं येतं.

"आई, तुमचा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "त्या मालाचा एखादा तुकडा मिळेल का?" ती म्हणाली. "आधी बघू दे."

जावयांचं तोंड एवढंसं झालं. ते वर निघून गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"हो म्हणाली असतीस तर तुझं काय जात होतं?"

"माझं काही जात नव्हतं. पण माझ्या हो म्हणण्यावर त्यांना कोण परत आत घेणार आहे? चला, कपडे बदला. आपल्याला कारखान्यात जायचंय."

२

"पण तुम्ही पडलात त्यांच्या सासूबाई," मालकीणबाई म्हणाल्या. वडील गेल्यापासून कारखाना त्याच बघतात. बाई वाईट नव्हती. उलट रडून डोळे सुजलेले दिसत होते, आणि इस्त्रीच्या कुर्त्याची बाही एकच दुमडलेली होती. "तुम्ही त्यांच्या बाजूनेच बोलणार. मी त्यांना घरच्यासारखं मानत होते हो. म्हणून जास्त लागलं."

"मग असं करू," बायको म्हणाली. "तीन डब्या घ्या. एकीत जुना चांगला माल घाला, एकीत जळका, आणि एकीत या बरण्यांतला. कशात काय ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला सांगू नका. मी बघून सांगते."

माझ्या खिशात बटणं कायम असतात. मी एक पांढरं, एक काळं आणि एक हिरवं काढून दिलं. मालकीणबाई डब्या भरायला आतल्या खोलीत गेल्या आणि तोवर आम्ही चाकाची खोली बघितली.

चाक परातीएवढं, चांगलं जाडजूड, आणि आरशासारखं लखलखीत होतं. ते पोलादी पेटीत होतं आणि पेटीला गोल काच होती. धातूची धार सोडणारी नळी वरून टांगलेली होती. तिला धरणारी लोखंडी पट्टी तेलाने काळीकुट्ट, पण पट्टी आणि वरची तुळई यांच्या मधे दोन नव्याकोऱ्या चकत्या चमकत होत्या. असलं ठिगळ मी माझ्या दुकानातून बाहेर जाऊ दिलं नसतं. बाजूला वेग दाखवणारी तबकडी होती आणि तिच्या काचेवर एक लाल खूण रंगवली होती. ती खूणही काही फार नीट नव्हती. तिच्या डावीकडे पुसट गुलाबी डाग एकाला लागून एक राहिले होते, पुसायचा कंटाळा केल्यासारखे.

चाक चालवणाऱ्याला सगळे भिंगरी म्हणतात. माणूस मात्र नावाच्या अगदी उलट, एक वाक्य संपवून दुसरं सुरू करेपर्यंत आपला चहा निवावा. त्या दिवशी त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती.

"या खेपेला चाकाचा वेग किती होता?" बायकोने विचारलं.

"सुई लाल खुणेवर होती, बाई. थोरल्या मालकांपासूनची खूण आहे ती. आम्ही ती कधी सोडत नाही."

"खूण त्यांनी केली?"

"त्यांनीच. रंग उडाला की स्वतः परत लावायचे. बाकी कोणाला ब्रश धरू द्यायचे नाहीत. त्यांना जाऊन आता वर्ष होईल."

"आणि चाक?"

"चाकाचं काय?" भिंगरी एकदम म्हणाला. एवढ्या चटकन बोलताना मी त्याला तेवढ्या एकदाच ऐकलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "छान लखलखीत ठेवलंय तुम्ही."

भिंगरीने कपाळ पुसलं. खोलीत पंखा चालू होता, उकाडा अजिबात नव्हता. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी बायकोच्या कानात सांगितलं. ती चकत्यांकडे बघत होती आणि तिने माझं ऐकलं की नाही कोण जाणे.

३

संस्थेतल्या त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं बसलो, मी, बायको आणि मालकीणबाई. बायकोने प्रत्येक डबीतली पट्टी मोडली आणि मोडलेली कड यंत्राखाली ठेवली. पट्टी म्हणजे कागदाहून पातळ. तिच्या जाडीत बघण्यासारखं काय असणार, असं मला वाटत होतं.

पडद्यावर आलं ते बघून मी खुर्ची पुढे ओढली. आत दाटीवाटीने बारीक बारीक कण बसले होते, भिंतीला भिंत लागून.

"चांगला चुंबक असा का असतो, सांगते," ती म्हणाली. "ह्यातला एकेक कण म्हणजे एकेक चुंबक. बाहेरून उलटा झटका बसला की एखादा तरी कण उलटतोच. कण बारीक असतील तर ते उलटणं त्याच्या भिंतीपाशी अडतं. मोठ्या दालनात एक माणूस घाबरून पळाला की सगळे पळतात. तेच लोक छोट्या छोट्या खोल्यांत दारं लावून बसलेले असले तर शेजारच्याला पत्ता लागत नाही. तसंच हे."

"आणि जास्त शेकलं तर?" मी विचारलं.

"तर खोल्या एकमेकींत मिसळतात. कण वाढतात. मग एक पळाला की सगळे पळाले."

तिने पांढऱ्या बटणाची पट्टी बघितली. "दोन्ही बाजूंनी बारीक. हा जुना चांगला माल." मग काळ्या बटणाची. "आरपार मोठे कण, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. हा जळका."

मालकीणबाईंनी मान डोलावली. दोन्ही उत्तरं बरोबर होती.

हिरव्या बटणाच्या पट्टीपाशी मात्र बायको बराच वेळ थांबली. तिने चित्र एका कडेला नेलं, दुसऱ्या कडेला नेलं, परत पहिल्या कडेला आणलं.

"ही बाजू गुळगुळीत आहे, म्हणजे ही चाकाला टेकलेली. इथे कण बारीक आहेत, पाहिजेत तसे. पण चाकापासून लांबच्या बाजूला बघा. मोठे झालेत. अर्धी पट्टी चांगली, अर्धी वाईट, आणि डबीतला प्रत्येक तुकडा असाच."

"मग कोणीतरी भेसळ केलीय," मालकीणबाई म्हणाल्या.

"भेसळ असती तर काही तुकडे पूर्ण चांगले आणि काही पूर्ण वाईट मिळाले असते. भट्टीत जास्त शेकलं असतं तर दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या असत्या, भट्टीला डावंउजवं कळत नाही. कोणी काही बदललेलं नाही, बाई. हा माल जन्मला तेव्हापासूनच असा आहे."

मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. "म्हणजे चाकावर? पण सुई तर खुणेवर होती. मी स्वतः समोर उभी होते."

४

घरी परत येताना बायकोने दुकानातून बटाट्याच्या वेफर्सची दोन पाकिटं घेतली, एक पातळ कापाचं आणि एक जाड. मला वाटलं, अखेर हिला नवऱ्याची भूक दिसली. पण तिने दोन्ही वेफर्स सारख्या वजनाचे मोजले आणि दोन सारख्या डब्यांत ओतले. पातळ वेफर्सनी डबा काठोकाठ भरला. जाड वेफर्सनी भरला नाही.

"वजन तेच, डबा रिकामा," ती म्हणाली. "कळलं?"

"पट्ट्या जाड झाल्या म्हणून बरण्या कमी भरल्या. चोरी झालीच नाही."

"झालीच नाही. चाकावर धातूचा थर जाड बसला. चाकाजवळची बाजू लगेच गार झाली, वरची बाजू मागे राहिली, आणि तेवढ्यात तिथले कण वाढले. आता जाड थर का बसतो? चाक हळू फिरलं तर." तिने एक वेफर तोंडात टाकला. "पण चाक हळू फिरलं नाही, असं दोन माणसं सांगतायत, आणि मला वाटतं दोघंही खरं बोलतायत."

मी पुरावा खाऊन टाकला. वरून नातीचा धावण्याचा आवाज येत होता. लेकीने खाली येऊन तीनदा विचारलं होतं, काही कळलं का म्हणून. तिसऱ्यांदा ती पायरीवरच बसून रडली, आणि मला काही सुचेना म्हणून मी तिला वेफर्स दिले.

सकाळी आम्ही थेट भिंगरीचं घर गाठलं. तो व्हरांड्यात दात घासत होता. आम्हाला बघून त्याने तोंडातला फेस गिळलाच असावा.

"भाऊ," बायको म्हणाली, "नळी खाली का घेतली?"

"कुठली नळी?"

"तुळईपाशी दोन नव्या चकत्या आहेत. चकत्या घातल्या की नळी खाली येते. नळी खाली का घ्यावी लागली? चाक खाली गेलं म्हणून? चाक तर जागेवरच आहे."

भिंगरी ओट्यावर बसला. त्याची बायको आतून बघत होती, तिला त्याने हातानेच आत जायला सांगितलं.

"माझ्या हातून पकड पडली," तो म्हणाला. "चालत्या चाकावर. चांगला खड्डा पडला. नवं चाक यायला काही महिने लागतात, एवढी मोठी ऑर्डर, आणि बाईंना वडील जाऊन धड वर्ष नाही झालेलं. मी गुपचूप लेथवाल्याकडे नेलं आणि खड्डा जाईपर्यंत सोलून आणलं. तसं चाक आम्ही अधूनमधून सोलतोच, वरचा ओरखडलेला थर काढायला. या वेळी जरा खोल सोलावं लागलं. पण त्याने काय होतंय, बाई? सुई खुणेवरच होती. तुमच्या जावयांचं नाव आलं तेव्हा मला खरंच वाटलं की चोरीच झाली. देवाशप्पथ."

"लेथवाला काय म्हणाला?"

"म्हणाला, बरंच बारीक झालं हो तुमचं चाक."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "तुमची टेप आहे ना बरोबर?"

शिंप्याला हा प्रश्न विचारू नये.

५

कारखान्यात सगळे जमले. मालकीणबाई, भिंगरी, आणि सगळ्यांत मागे, दाराला टेकून, आमचे जावई. त्यांना बोलावून घ्यायला मीच गेलो होतो. ते आले, पण आत पाऊल टाकताना थबकले.

चाक थांबलेलं होतं. बायकोने पेटी उघडायला लावली आणि मी छातीचं माप घ्यावं तशी चाकाभोवती टेप फिरवली. आकडा वाचून दाखवला. भिंगरीने मान खाली घातली.

"नव्या चाकाचा घेर किती असतो?" बायकोने मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी सांगितला. फरक एवढा होता, की तितक्यात माझ्या सदऱ्याची कॉलर निघाली असती.

"सुई काय दाखवते? चाक मिनिटाला किती वेळा फिरतं ते. पण धातूला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त चाकाची कड कळते, ती त्याच्या खालून किती जोरात जाते ते. चाक लहान झालं तर तेवढ्याच फेऱ्यांत कड कमी पळते. सुई खरं बोलत होती. भाऊही खरं बोलत होते. तरी चाक हळू झालं होतं."

"पण चाक आम्ही नेहमीच सोलतो," मालकीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं सोलतोय. तेव्हा का नाही बिघडलं?"

"तेच मलाही कळत नव्हतं." बायको तबकडीपाशी गेली. "रंग उडाला की तुमचे वडील परत लावायचे, बरोबर? उडालेला रंग परत लावला तर तो आधीच्याच जागी बसेल. मग हे डाग शेजारी शेजारी कसे? आणि सगळे डावीकडेच. उजवीकडे एकही नाही. जुनी खूण पुसायची, आणि नवी थोडी उजवीकडे, जास्त वेगावर. चाक सोललं की खूण सरकवायची. ते रंग लावत नव्हते, बाई. ते वेग वाढवत होते."

मालकीणबाईंनी त्या गुलाबी डागांवर बोट ठेवलं. एक, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. "मी त्यांना हसायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, बाबा, काय ते रंगवत बसता लहान मुलासारखे. ते म्हणायचे, असू दे गं, मला आवडतं." भिंगरीने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तो स्वतःच रडायला लागला.

"सांगितलं का नाही त्यांनी?" मी विचारलं.

"त्यांना वाटलं असेल, अजून वेळ आहे," बायको म्हणाली.

मालकीणबाईंनी घेराचा हिशेब स्वतः केला, दोनदा. जुनी खूण स्वतः पुसली आणि नवी स्वतः केली. भिंगरीने चाक सुरू केलं आणि सुई नव्या खुणेवर नेली. धातूची धार सुटली. पट्ट्या उडू लागल्या, तेव्हा पेटीतून सळसळ ऐकू आली. आधीच्या खेपेला कडकड आवाज येत होता, असं भिंगरी आता सांगायला लागला. जावयांनी कोणी न सांगताच त्या मोडल्या, शेकल्या आणि बरणीत ओतल्या. माल गळ्यापर्यंत आला. दुपारी बायकोने संस्थेत एक पट्टी मोडून बघितली आणि फोनवर एवढंच सांगितलं की दोन्ही कडा सारख्या आहेत.

ती परत आली तेव्हा मालकीणबाईंनी किल्ली जावयांच्या हातात दिली. सगळ्यांच्या देखत माफी मागितली, आणि सोमवारी गिऱ्हाइकासमोर चूक कोणाची होती तेही आपणच सांगू म्हणाल्या. जावई नुसते "बरं" म्हणाले. त्यांच्या मनातली अढी गेली नव्हती, ते दिसत होतं, आणि ती सासूबाईंबद्दलचीही होती.

निघताना मालकीणबाईंनी बायकोला विचारलं, "एक विचारू? तपासात चोरीच निघाली असती तर?"

"तर तसं सांगितलं असतं," बायको म्हणाली.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण जावई हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले, चांगले खदखदून.

"म्हणूनच बाईंनी तुमचं ऐकलं, आई," ते म्हणाले. "बाबा पहिल्यापासून सगळ्या गावाला सांगतायत की आमचे जावई निर्दोष. त्यांचं कोणी ऐकलं का?"

खरं होतं ते, आणि मला त्याचा जराही राग आला नाही.

फाटकाबाहेर आल्यावर बायको थोडी मागे राहिली. मग जावयांच्या बरोबरीने चालत, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "विश्वास होता हो माझा. पहिल्या मिनिटापासून होता. पण तो यंत्राखाली ठेवून कोणाला दाखवता येत नाही, काय करू?"

जावयांनी तिच्या हातातली जड पिशवी घेतली आणि दुसऱ्या हाताने तिचा हात धरून रस्ता ओलांडला. आम्ही घराशी पोचलो तेव्हा लेक नातीला कडेवर घेऊन खिडकीत उभी होती. आम्हाला तसं येताना बघून तिला न सांगताच कळलं, की कोणी कुठे जाणार नाही.